टॉवेल कोण टाकतो?

स्मृतिव्याख्यान म्हटलं की विषय जरा भारदस्त असावा अशी अपेक्षा असते. आजचा विषय आहे टॉवेल. अंग पुसायचा, खुंटीवर टांगायचा साधा टॉवेल. ‘थ्रो इन द टॉवेल’ हा इंग्रजी वाक्प्रचार वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांच्या नजरेखालून नेहमी जातो. कंपनीनं तोट्यातला धंदा गुंडाळला, तिनं टॉवेल टाकला. उमेदवारानं ऐन वेळी माघार घेतली, त्यानं टॉवेल टाकला. कोशात अर्थ सरळ आहे: हार मानणे, प्रयत्न सोडून देणे. मराठीत नांगी टाकली किंवा हात टेकले म्हटलं की भागतं.

भागतं, पण पुरतं नाही. नांगी ज्याची त्यानंच टाकायची, हात ज्याचे त्यानंच टेकायचे. टॉवेल मात्र लढणाऱ्याच्या हातात नसतोच. बॉक्सरच्या मुठी जाड मोज्यांत बांधलेल्या असतात, त्याला टॉवेल धड उचलताही यायचा नाही. तो टाकतो त्याच्या कोपऱ्यात, दोराच्या पलीकडे उभा असलेला माणूस. इंग्रजीत या माणसाला ‘सेकंड’ म्हणतात. वाक्प्रचार बॉक्सिंगच्या रिंगमधून बाहेर पडला, दुकानात गेला, संसदेत गेला, पण हा दुसरा माणूस मागेच राहिला. आजचं सगळं बोलणं त्याच्याबद्दल आहे.

टॉवेलच्या आधी स्पंज होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पैज लावून उघड्या मुठींनी मारामाऱ्या होत. 1838 च्या लंडनच्या नियमांनुसार फेरीला वेळेची मर्यादा नव्हती. एक गडी जमिनीवर पडला की फेरी संपली. मग तीस सेकंदांची विश्रांती, आणि त्यानंतरच्या आठ सेकंदांत त्यानं स्वतःच्या पायांनी मैदानाच्या मधल्या रेघेशी येऊन उभं राहायचं. कोपऱ्यातले दोघे त्याला उचलून आणत, गुडघ्यावर बसवत, बाटलीतलं पाणी पाजत आणि स्पंजानं तोंडावरचं रक्त पुसत. गडी आता रेघेपर्यंत जाणार नाही, किंवा गेला तर परत येणार नाही, अशी त्यांची खात्री झाली की तोच स्पंज ते हवेत उडवत. 1860 च्या आसपास लंडनमध्ये बाजारू इंग्रजीचे कोश छापले जात होते. तोवर ‘स्पंज उडवणे’ हा शब्दप्रयोग हार मानणे या अर्थानं रूढ झालेला दिसतो. स्पंजाची जागा टॉवेलनं घेतली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकन वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर.

गंमत अशी की लढाईची सुरुवातही काहीतरी फेकूनच होई. आव्हान द्यायचं तर टोपी रिंगणात टाकायची. निवडणुकीला उभं राहणं या अर्थानं इंग्रजी पत्रकार आजही टोपी टाकतात. 1912 साली थिओडोर रूझवेल्टनं पुन्हा अध्यक्षपदासाठी उतरताना हाच शब्दप्रयोग वापरला आणि तो राजकारणात पक्का बसला. रूझवेल्टला बॉक्सिंगचा नाद होता. न्यूयॉर्कमधला ‘प्रोफेसर’ माइक डोनोव्हन हा त्याच्याबरोबर सरावाला उभा राहत असे. डोनोव्हन स्वतः मिडलवेट गटाचा माजी विजेता होता आणि नंतर न्यूयॉर्क अॅथलेटिक क्लबात तालीम देत असे. प्रोफेसर ही पदवी विद्यापीठाची नव्हे, आखाड्याची.

याच माइक डोनोव्हननं बॉक्सिंगच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला स्पंज टाकला. 8 जुलै 1889. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं रिचबर्ग. उघड्या मुठींची लढत कायद्यानं बंद होती, म्हणून जागा गुप्त ठेवलेली आणि प्रेक्षक न्यू ऑर्लीन्सहून रेल्वेनं आणलेले. एका बाजूला जॉन एल. सलिव्हन, दुसऱ्या बाजूला जेक किलरेन. भर जुलैच्या उन्हात दोघं सव्वादोन तास एकमेकांना ठोसे मारत होते. चव्वेचाळिसाव्या फेरीत सलिव्हनला उलटी झाली. किलरेननं बरोबरी मान्य करतोस का विचारलं, सलिव्हननं नकार दिला. पंचाहत्तर फेऱ्या झाल्या. किलरेनच्या पाठीची कातडी उन्हानं सोलून निघाली होती आणि मान टिकत नव्हती. तरी तो स्वतः ‘पुरे’ म्हणाला नाही. शहात्तराव्या फेरीसाठी तो उठायच्या आत डोनोव्हननं स्पंज टाकला. आणखी एक फेरी झाली तर हा माणूस मरेल, असं त्याला वाटलं. मारामारी करणारे दोघेही त्यानंतर अनेक वर्षं जगले.

उघड्या मुठींची ती हेवीवेटची शेवटची विश्वविजेतेपदाची लढत. त्यानंतर क्वीन्सबेरीचे नियम सर्वत्र लागू झाले. 1867 साली छापलेल्या या नियमांत मोजे आले, तीन मिनिटांची फेरी आली, एका मिनिटाची विश्रांती आली आणि पडलेल्या माणसाला उठायला दहा आकडे मिळाले. खेळ सुसंस्कृत झाला असं म्हणतात. मोज्यांनी चेहरा फुटणं कमी झालं हे खरं, पण मोज्यांमुळे मूठ सांभाळावी लागेनाशी झाली आणि डोक्यावर जोरानं मारणं सोपं झालं. कोपऱ्यातल्या माणसाचं काम उलट वाढलं, कारण फुटलेली भुवई डोळ्यांना दिसते, मेंदूला बसलेला मार दिसत नाही.

माइक डोनोव्हनचा मुलगा आर्थर पुढे न्यूयॉर्कचा नामांकित पंच झाला. (मुष्टियुद्धाच्या न्यायाधीशाला मराठीत ‘पंच’ म्हणावं लागतं, आणि इंग्रजीत ठोशालाही ‘पंच’च म्हणतात. ही अडचण क्रीडापानांच्या संपादकांनी कधीपासून मुकाट्यानं सोसली आहे.) 22 जून 1938 च्या रात्री यांकी स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर लोक जमले होते. काळा अमेरिकन जो लुई आणि जर्मनीचा माक्स श्मेलिंग यांची दुसरी लढत होती. 1936 साली श्मेलिंगनं लुईला बाराव्या फेरीत पाडलं होतं, आणि त्या विजयाचा नाझी प्रचारकांनी पुरता उपयोग करून घेतला होता. स्वतः श्मेलिंग नाझी पक्षाचा सदस्य नव्हता, पण त्या रात्री हे कोण ऐकून घेणार?

लढत दोन मिनिटं आणि चार सेकंद चालली. लुईचा एक ठोसा श्मेलिंगच्या पाठीवर, मूत्रपिंडाच्या बाजूला बसला आणि मणक्याचं हाड मोडलं. तिसऱ्यांदा तो खाली गेला तेव्हा त्याचा प्रशिक्षक माक्स माखॉन यानं रिंगमध्ये टॉवेल टाकला. आर्थर डोनोव्हननं तो उचलला आणि भिरकावून दिला. टॉवेल दोरावर जाऊन अडकला आणि तिथेच लोंबत राहिला. न्यूयॉर्क राज्याच्या नियमांत टॉवेलला किंमतच नव्हती. लढत थांबवायचा अधिकार एकट्या पंचाचा. पुढच्याच क्षणी डोनोव्हननं स्वतः लढत थांबवली. बापानं स्पंज टाकून जीव वाचवला होता, मुलानं टॉवेल परत फेकला. आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. बाप एका माणसाचा होता, मुलगा दोघांचा.

वाक्प्रचार वापरणाऱ्या बहुतेकांना हा बारकावा ठाऊक नसतो. टॉवेल पडला की लढत संपली, असं समजलं जातं. प्रत्यक्षात टॉवेल ही विनंती आहे. हौशी बॉक्सिंगमध्ये ती सहसा मानली जाते, पण पंच आकडे मोजत असताना नाही. व्यावसायिक बॉक्सिंगच्या नियमावल्या ठिकठिकाणी वेगळ्या आहेत. प्रेक्षकातला कुणीही टॉवेल फेकू शकतो, म्हणून कित्येक ठिकाणी प्रशिक्षकानं रिंगच्या कडेवर चढून उभं राहायचं किंवा तिथल्या निरीक्षकाला सांगायचं असतं. 5 जून 2010 ला यांकी स्टेडियमच्याच नव्या इमारतीत युरी फोरमन आणि मिगेल कोट्टो लढत होते. सातव्या फेरीत पाय घसरून फोरमनचा गुडघा दुखावला. आठव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आला. माणसं रिंगमध्ये शिरली, लढत संपली म्हणून मिठ्याही सुरू झाल्या. पंच आर्थर मर्कांते यांनी फोरमनला विचारलं, लढायचंय का? तो हो म्हणाला. सगळ्यांना बाहेर काढून लढत पुन्हा सुरू झाली आणि नवव्या फेरीत कोट्टोनं पोटात मारलेल्या ठोशानं संपली. लंगडत्या माणसाला ‘लढायचंय का’ विचारलं तर तो काय उत्तर देणार, हे कोपऱ्यातल्या माणसाला माहीत होतं. म्हणून तर त्यानं त्याला विचारलं नव्हतं.

दोन फेऱ्यांच्या मधल्या त्या साठ सेकंदांत कोपऱ्यात काय चालतं, ते एकदा नीट बघावं. घंटा होते न होते तोच स्टूल आत येतं. एक जण दातांवरचं कवच काढून धुतो. दुसरा कमरेचा पट्टा पुढे ओढतो, म्हणजे श्वास मोकळा होतो. जखमांवर काम करणारा कटमन बर्फात गार केलेला छोटा लोखंडी तुकडा डोळ्याखालच्या सुजेवर दाबून धरतो. भुवई फाटली असेल तर अॅड्रेनलिनमध्ये भिजवलेला कापूस जखमेत दाबायचा आणि रक्त थांबलं की वर व्हॅसलिन थापायचं. मानेवर बर्फाची पिशवी. आणि या सगळ्यात मुख्य प्रशिक्षक समोर उकिडवा बसून बोलत असतो. डावा हात खाली पडतोय, उजवीकडे सरक. पण तो बोलतो त्याहून जास्त बघतो. प्रश्नाला उत्तर यायला किती वेळ लागला, नजर माझ्यावर आहे की माझ्या मागच्या दिव्यांवर. टॉवेल त्याच्या खांद्यावरच असतो. एरवी तो घाम पुसायला.

एडी फच असाच बघणारा माणूस होता. तरुणपणी डेट्रॉइटच्या ब्रूस्टर केंद्रात तो जो लुईबरोबर सरावाला उभा राहिलेला. हृदयाच्या दोषामुळे व्यावसायिक कारकीर्द होण्याआधीच संपली, मग प्रशिक्षक झाला. 1 ऑक्टोबर 1975 ला मनिलाजवळच्या केझॉन सिटीत मुहम्मद अली आणि जो फ्रेझर तिसऱ्यांदा भिडले. अमेरिकेतल्या टीव्हीच्या सोयीसाठी लढत सकाळी ठेवलेली, फिलिपाईन्सचा उकाडा, वर टीव्हीचे दिवे. पंधरा फेऱ्यांपैकी चौदा झाल्या. फ्रेझरचा डावा डोळा आधीपासूनच अधू होता, हे फार थोड्यांना माहीत होतं. चांगला होता तो उजवा, आणि अलीच्या ठोशांनी तो सुजून मिटला होता. म्हणजे तेराव्या-चौदाव्या फेरीत फ्रेझर जवळजवळ आंधळा लढत होता. ठोसा येताना दिसला नाही की मान आवळता येत नाही, आणि माणसं मरतात ती अशाच ठोशांनी. फचनं रिंगमधले मृत्यू पाहिले होते. शेवटची फेरी फक्त तीन मिनिटांची होती. फ्रेझर उठू पाहत होता, विनवत होता. फचनं त्याला स्टुलावर बसवलं आणि पंचाला सांगितलं, संपलं.

दुसऱ्या कोपऱ्यात अलीही उठायच्या स्थितीत नव्हता, त्यानंच मोजे कापायला सांगितलं होतं, असं बोललं जातं. खरं असेल तर आणखी काही सेकंद थांबला असता तर फच जिंकला असता. फ्रेझरच्या चाहत्यांनी पुढे अनेक वर्षं हा हिशोब मांडला. फचनं निर्णय बदलावासा वाटल्याचं कधी दाखवलं नाही. तो 2001 साली नव्वदाव्या वर्षी वारला.

अलीच्या कोपऱ्यात अँजेलो डंडी असे, आणि या माणसाची गोष्ट फचपेक्षाही गुंतागुंतीची आहे. 25 फेब्रुवारी 1964, मायामी बीच. बावीस वर्षांचा कॅशियस क्ले (अली हे नाव त्यानं लढतीनंतर घेतलं) सनी लिस्टनविरुद्ध जिंकत होता. चौथ्या फेरीनंतर तो कोपऱ्यात आला तो डोळे चोळत. लिस्टनच्या अंगावरचं कसलं तरी औषध डोळ्यांत गेलं होतं, काही दिसत नव्हतं. मोजे कापा, असं तो ओरडत होता. म्हणजे इथे लढणारा स्वतः सोडायला निघाला होता. डंडीनं स्पंजानं डोळे धुतले, त्याला उभं केलं आणि पळत राहायला सांगून रिंगमध्ये ढकललं. दोन फेऱ्यांनी लिस्टनच स्टुलावरून उठला नाही आणि क्ले विश्वविजेता झाला.

2 ऑक्टोबर 1980, लास व्हेगास. अली अडतीस वर्षांचा. समोर लॅरी होम्स, जो एके काळी अलीच्या सरावाला पगारी ठोसे खात असे. वजन उतरवायला अलीनं थायरॉइडच्या गोळ्या भलत्याच प्रमाणात घेतल्या होत्या. दिसायला तो पुन्हा तरुण दिसत होता, अंगात मात्र काही उरलं नव्हतं. दहा फेऱ्यांत त्यानं एकही फेरी जिंकली नाही. होम्स मारता मारता पंचाकडे बघत होता, थांबव म्हणून. दहाव्या फेरीनंतर डंडीनं लढत थांबवली. अलीचा जुना साथीदार बंडिनी ब्राउन त्याच्याशी झोंबायला आला, आणखी एक फेरी द्या म्हणाला. डंडीनं त्याला झिडकारून सांगितलं की मुख्य सेकंड मी आहे. सोळा वर्षांपूर्वी ज्याला थांबायचं होतं त्याला यानं थांबू दिलं नव्हतं, आता ज्याला थांबायचं नव्हतं त्याला थांबवलं. दोन्ही वेळा लढणाऱ्याच्या तोंडचं ऐकलं नाही.

तरी हा टॉवेल उशिराच आला असं म्हणायला हवं. ती लढत व्हायलाच नको होती. त्यानंतरही डिसेंबर 1981 मध्ये अली बहामात ट्रेव्हर बर्बिकशी लढला आणि हरला. 1984 साली त्याला पार्किन्सनची लक्षणं असल्याचं जाहीर झालं.

कोपऱ्यातून काहीच आलं नाही तर काय होतं, तेही लास व्हेगासनंच दाखवलं. 13 नोव्हेंबर 1982 ला दक्षिण कोरियाचा किम डक-कू रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीपर्यंत टिकला. लढतीनंतर बेशुद्ध झाला तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही, काही दिवसांत गेला. त्यानंतर जागतिक बॉक्सिंग परिषदेनं विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. 1985 च्या ‘रॉकी फोर’ या चित्रपटात रॉकी मित्राच्या कोपऱ्यात उभा आहे, टॉवेल हातात आहे, आणि मित्रानं दिलेल्या शपथेमुळे तो टाकत नाही. मित्र मरतो. चित्रपट भडक आहे, पण वाक्प्रचाराचा अर्थ कोशापेक्षा त्यात जास्त कळतो.

आपल्याकडच्या जत्रेत ‘निकाली कुस्ती’ पुकारली जाते, म्हणजे चितपट होईपर्यंत सोडवायची नाही. पण वस्तादाचा डोळा तिथेही पट्ठ्यावर असतोच. आंतरराष्ट्रीय कुस्तीत तर प्रशिक्षक मॅटवर मऊ ठोकळा फेकतो तो पंचांच्या निर्णयाला हरकत घेण्यासाठी. फेकायची कृती तीच, हेतू नेमका उलटा.

रिंगबाहेर हा वाक्प्रचार खरोखर चपखल बसतो तो जिथे कोपरा असतो तिथे. नोव्हेंबर 1990 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना पक्षनेतेपदाच्या पहिल्या फेरीत 204 मतं मिळाली, मायकेल हेसेल्टाइन यांना 152. बहुमत होतं, पण नियमाप्रमाणे लागणाऱ्या आघाडीला चार मतं कमी पडली. थॅचर बाईंनी लढणार असं जाहीर करून टाकलं. 21 तारखेच्या संध्याकाळी संसदेतल्या त्यांच्या खोलीत मंत्री एकेक करून आत गेले. पाठिंबा आहे, पण तुम्ही जिंकणार नाही, हाच सूर बहुतेकांनी लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी राजीनामा जाहीर केला. पुढे त्यांनी याला विश्वासघात म्हटलं. फ्रेझरलाही फचचा निर्णय नको होता, पण फचला फ्रेझरची जागा नको होती. थॅचरच्या कोपऱ्यातल्या काहींना ती हवी होती, आणि राजकारणातला टॉवेल संशयास्पद ठरतो तो इथेच. जुलै 2024 मध्ये जो बायडन यांनी उमेदवारी सोडली तेव्हाही अमेरिकन पत्रकारांनी हाच शब्द वापरला. तिथेही आधीचे तीन आठवडे पक्षाचेच लोक दोराशी येऊन उभे राहिले होते.

इंग्रजीत हा वाक्प्रचार बहुतेक वेळा नकारातच ऐकू येतो. मंत्री, कप्तान, कंपनीचे अध्यक्ष, सगळे ‘आम्ही टॉवेल टाकणार नाही’ असं बजावतात. ऐकायला शूर वाटतं. बॉक्सरनं असं म्हणावं हे ठीकच, त्याचं कामच ते. कोपऱ्यातल्यानं म्हटलं तर मात्र घाबरावं.

याचं एक मोठं उदाहरण 22 फेब्रुवारी 2020 चं. लास व्हेगासमध्ये टायसन फ्युरीनं डिऑन्टे वाइल्डरला तिसऱ्या आणि पाचव्या फेरीत पाडलं होतं. वाइल्डरच्या कानातून रक्त येत होतं, पाय जागेवर नव्हते. सातव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातल्या मार्क ब्रेलंडनं टॉवेल टाकला. ब्रेलंड 1984 च्या ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, ठोसे खाल्लेला माणूस. त्याच कोपऱ्यातले मुख्य प्रशिक्षक जे डीस याच्या विरोधात होते आणि त्यांनी ते उघड सांगितलं. वाइल्डरनं तर काही झालं तरी टॉवेल टाकायचा नाही असं आपण आधीच बजावलं होतं, असं सांगितलं. रिंगमध्ये येताना घातलेल्या जड पोशाखानं पाय गळाले, असंही कारण त्यानं दिलं. ब्रेलंडला काढून टाकण्यात आलं.

तिसरी लढत 9 ऑक्टोबर 2021 ला झाली, ब्रेलंडशिवाय. चौथ्या फेरीत वाइल्डरनं फ्युरीला दोनदा पाडलं. टॉवेलचे विरोधक म्हणू शकतात, बघा, या माणसात अजून केवढी ताकद होती. दहाव्या फेरीत वाइल्डर पडला. त्याच्या कोपऱ्यातून या वेळी काही आलं नाही. अकराव्या फेरीत तो कोसळला तेव्हा पंचांनी आकडे न मोजताच हात हलवून लढत संपवली, आणि वाइल्डरला तिथून इस्पितळात नेलं.